वितळण्याआधीची खूण

आमच्या लखनऊच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण रेल्वेतून किंवा बँकेतून निवृत्त झालेले असतात. त्यांच्याकडे पस्तीस वर्षांच्या गोष्टी असतात. माझी नोकरी तीन वर्षांची आणि मी अजून शिकतेच आहे. त्यामुळे अंकाचं काम बघणाऱ्या काकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी पंधरा दिवस टाळाटाळ केली. शेवटी ते म्हणाले, "तू निवृत्त व्हायची वाट बघायची, तर अंक वाचायला आम्ही नसू." म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव विट्याजवळ. बाबा लखनऊला चौक भागातल्या सराफ्यात गलाईचं काम करतात. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करून देणं, हे ते काम. दुकानाच्या वरच दोन खोल्यांत आम्ही राहतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. धाकट्या भावाला मराठीत हाक मारली तर तो "हाँ, आया" म्हणतो. माझं मराठीही घरात शिकलेलं आहे, शाळेत नाही. चुका काकांनी काढल्या असतील, राहिल्या असतील त्या माझ्या.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मला शहराच्या दक्षिणेकडे, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्या बाजूला असलेल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात काम मिळालं. स्तनाच्या कॅन्सरचा विभाग, पदाचं नाव कोऑर्डिनेटर. घरी हा शब्द कोणालाच कळला नाही. आई शेजारणींना सांगायची, "ती डॉक्टरांना गोळा करते." मला तेव्हा जरा लाज वाटायची. आता वाटतं, याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की आजारी बाई एका डॉक्टरकडे जाते आणि तो तिला बरं करतो. आमच्या विभागात तसं नसतं. सर्जन ऑपरेशन करतात. केमोची औषधं देणारे डॉक्टर वेगळे, रेडिएशन देणारे वेगळे. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीची चित्रं वाचणारे रेडिओलॉजिस्ट असतात. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट असतात. त्या रुग्णाचा चेहरा क्वचितच बघतात, पण गाठीचा स्वभाव सर्वांत आधी त्यांनाच कळतो. शिवाय केमो चढवणाऱ्या सिस्टर, हाताचे व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आणि घरच्यांशी बोलणारे समुपदेशक. ही सगळी माणसं दर बुधवारी दुपारी दीड वाजता एका लांब टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक नव्या बाईबद्दल मिळून ठरवतात. माझं काम असं की सगळ्या फायली, चित्रं आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा त्या वेळेआधी टेबलावर हव्यात. जे ठरेल ते लिहून घ्यायचं, बाईला फोन करून समजावायचं आणि ठरल्याप्रमाणे घडतंय ना ते बघायचं.

ही पद्धत सगळ्यांना पटतेच असं नाही. छावणीतून एक निवृत्त कर्नलसाहेब पत्नीला घेऊन आले होते. फायलीला रंगीत कागदी पट्ट्या लावलेल्या, प्रश्न टाइप करून आणलेले. तीन दिवसांत पाच डॉक्टर बघून ते वैतागले आणि रेडिओलॉजिस्ट रिझवी सरांना त्यांनी सांगितलं की या सगळ्यांचा इनचार्ज कोण आहे ते एकदा कळू द्या. रिझवी सर जुन्या लखनऊचे. हातातला चहाचा कप खाली ठेवून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "इंचार्ज तो जनाब, आपकी बेगम हैं. हम सब तो उनके स्टाफ़ में हैं." बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्या दिवसापासून कर्नलसाहेब आमचे प्रश्न आधी पत्नीकडे द्यायला लागले.

सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. गावाकडून आलेल्या एका बाईंसाठी टेबलावर सगळं ठरलं होतं, तारखासुद्धा लागल्या होत्या. त्यांच्या घरचा फोन मी महिनाभर लावत होते. आधी कुणीतरी उचलायचं आणि ठेवून द्यायचं, मग तेही बंद झालं. ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. नव्या बाईला फोन करताना माझा आवाज जरा घाईचा होतो, त्याचं कारण ती फाईल आहे. पुढे जी चूक मी सांगणार आहे ती याच घाईतून झाली. ही सबब म्हणून सांगत नाही, पण खरं आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात नसीम आपा आल्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. अमीनाबादच्या एका गल्लीत ब्लाउज शिवतात, हाताखाली तीन मुली आहेत. उजव्या स्तनात गाठ लागून चार महिने झाले होते. इतके दिवस का थांबलात असं सर्जन माथुर मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की सहालग तोंडावर आला होता. सहालग म्हणजे इकडची लग्नसराई. लोकांच्या मुलींचे ब्लाउज कापून ठेवलेले, ते अर्धवट कसे टाकायचे, असा त्यांचा हिशेब.

मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. ती मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवली होती, कारण माथुर मॅडम म्हणाल्या की बुधवारी हे असंच वाचून दाखव.

"दिन भर औरतों के सीने पर फीता रखती हूँ, डॉक्टर साहिबा. अपना ही न रहा तो हाथ काँपेगा."

बुधवारी मी ते वाचलं. मग फिजिओथेरपिस्टने विचारलं की त्या कोणत्या हाताने कातरतात. उजव्या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या की मग काखेतल्या गाठीही जपून. या बारीक गाठी प्रत्येकाच्या काखेत असतात आणि कॅन्सर पसरला तर आधी त्यांत जातो. पण त्या सगळ्या काढल्या तर हात सुजू शकतो, जड होतो, वर जात नाही. पॅथॉलॉजिस्टनी सांगितलं की स्तनातली गाठ अशा जातीची आहे की औषधाने झपाट्याने वितळेल. अर्ध्या तासात ठरलं. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग स्तन वाचवून तेवढाच भाग काढायचा. काखेतून आधी दोन-तीनच गाठी काढून तपासायच्या आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पण त्याआधी एक काम होतं. गाठीत क्लिप लावायची.

ही क्लिप म्हणजे तिळाएवढा धातूचा तुकडा. सोनोग्राफीत बघत सुईने तो गाठीच्या मधोमध सोडतात. बाईला तो कधी जाणवत नाही. पण केमोने गाठ पुरती वितळली तर ती नेमकी कुठे होती हे सर्जनला कळायला तेवढीच एक खूण उरते. ती नसेल तर अंदाजाने मोठा भाग काढावा लागतो, आणि अंदाजही येत नसेल तर सगळाच स्तन. मला हे कळायला वेळ लागला नव्हता. बाबांच्या भट्टीवर हेच चालतं. दहा जणांचे दागिने येतात, प्रत्येक पुडीबरोबर बाबा नंबराचा बिल्ला ठेवतात आणि मगच मूस आगीत जाते. एकदा वितळलं की कुठली बांगडी कुणाची ते कुणालाही सांगता येत नाही.

म्हणजे मला माहीत होतं. तरी झालं.

क्लिपसाठी सोमवारची वेळ मिळाली आणि केमो त्यानंतरच्या शुक्रवारी. गुरुवारी एका रुग्णाने नाव मागे घेतलं आणि दुसऱ्याच दिवशीची, शुक्रवारची केमोची जागा रिकामी झाली. मला वाटलं, नसीम आपांनी आधीच चार महिने घालवलेत, सहालग जोरात आहे, आठवडाभरात त्यांचं मन फिरलं तर? मी त्यांना फोन केला, त्या आल्या, पहिली केमो झाली. तीन दिवसांनी क्लिप लागेल, तीन दिवसांत काय वितळतंय, असा विचार मी केला. केमोच्या डॉक्टरांना मी सांगितलं की क्लिप सोमवारी आहे. ते ठीक म्हणाले.

सोमवारपासून माझी सेमिस्टरची परीक्षा होती, दोन आठवड्यांची सुट्टी मंजूर झाली होती. मागे काम राहू नये म्हणून शुक्रवारी संध्याकाळी बसून मी पुढच्या आठवड्याचे सगळे तक्ते आधीच भरून ठेवले. नसीम आपांच्या तक्त्यात लिहिलं, "क्लिप लावली, सोमवार."

सोमवारी नसीम आपा उलट्यांनी बेजार होत्या. त्या आल्याच नाहीत.

मी परत आले तेव्हा तक्ता माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होता आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसरी केमो झाली. त्या दिवशी केमो वॉर्डातल्या पुष्पलता सिस्टर भाचीच्या लग्नासाठी गोरखपूरला गेल्या होत्या. त्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.

पुष्पलता सिस्टरांची एक सवय आहे. सलाइनची सुई लावण्याआधी त्या फाईल मिटवून बाजूला ठेवतात आणि बाईला म्हणतात की गेल्या वेळेपासून तुमच्याबरोबर काय काय झालं ते तोंडाने सांगा. नव्या नर्स यावर हसतात. फाईल आहे ना, मग कशाला? सिस्टर म्हणतात की फाईल मला नंतर वाचायची आहे. प्रत्येक बाईपाशी दहा मिनिटं यात जातात आणि मीही त्यांना मनात मंद म्हटलेलं आहे.

जानेवारीचा पहिला मंगळवार होता. बाहेर इतकं धुकं की मी चौकातून दोन ई-रिक्षा बदलून दीड तास उशिरा पोचले. वॉर्डात शिरले तर नसीम आपा तिसऱ्या केमोच्या खुर्चीत बसून सिस्टरांना सांगत होत्या. रक्त काढलं, हृदयाची तपासणी झाली, केस गेले, तोंड आलं, आता बरं आहे. आणि खुशीत येऊन म्हणाल्या की गाठ आता हाताला लागतच नाही.

सिस्टरांनी विचारलं, "और वो सुई, जिससे गाँठ में निशान छोड़ते हैं?"

"ना सिस्टर. उस दिन तो मैं आई ही नहीं थी."

सिस्टरांनी फाईल उघडली. मग मान वर न करता मला जवळ बोलावलं.

"शुभांगी बिटिया, ये किसने लिखा?"

अक्षर माझं होतं. मी म्हटलं, मी.

"तुमने देखा था?"

मी मान हलवली, नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी टांगलेली बाटली काढून ट्रेमध्ये ठेवली, नसीम आपांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः ढकलत निघाल्या. वाटेत केमोच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी तपासलं, बोटं दोनदा फिरवली आणि हळूच म्हणाले की औषध फार छान लागू पडलंय. एरवी हे ऐकून आम्ही सगळे हसलो असतो.

रिझवी सरांचा चहा नुकताच आला होता. तो तसाच गार झाला. सिस्टरांनी चार वाक्यांत सांगितलं, सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दिवे मालवून सोनोग्राफी सुरू केली. शेजारच्या पडद्यावर नोव्हेंबरातलं जुनं चित्र लावलं. त्यात गाठ स्पष्ट होती, काळीभोर, बोराएवढी. आताच्या पडद्यावर नुसते करडे ढग. सर यंत्र फिरवत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला सारखं ते वाक्य ऐकू येत होतं, अपना ही न रहा तो हाथ काँपेगा.

मग सरांनी हात थांबवला. "आपा, सबसे पहले हाथ को कहाँ लगी थी? याद है?"

"याद क्यों न होगा. मगर लेटे-लेटे नाप नहीं होती, डॉक्टर साहब."

त्या उठून बसल्या. डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं उजव्या अंगावर अशी ठेवली जशी त्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या अंगावर ठेवत असतील, हलकी आणि निश्चित. "टक्स की नोक यहाँ आती है. उससे तीन अंगुल ऊपर, मुड्ढे की तरफ़. कटोरी वाला ब्लाउज़ हो तो जोड़ ठीक इसी पर पड़ेगा."

मुंढा म्हणजे बाहीचा घेर आणि टक्स म्हणजे छातीवरची शिवलेली चुणी, हे रिझवी सरांना कळलं नसावं, पण पुष्पलता सिस्टरांना कळलं. त्यांनी पेनने तिथे फुली मारली. नसीम आपा पुन्हा आडव्या झाल्या. सरांनी फुलीवर यंत्र ठेवलं. काही नाही. थोडं तिरकं केलं. मग आणखी थोडं. मग ते एकदम स्थिर झाले. मसुरीच्या डाळीएवढा एक गडद ठिपका होता. शेजारून एक बारीक रक्तवाहिनी वळून गेली होती. जुन्या चित्रातही गाठीच्या कडेला तीच रक्तवाहिनी तशीच वळलेली होती. सरांनी दोन्ही पडद्यांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा ताडून बघितलं.

"यही है," ते म्हणाले, आणि सिस्टरांनी सुई त्यांच्या हातात दिली.

पुढच्या केमोनंतर गाठ एवढीही उरली नसती, असं सर नंतर म्हणाले. क्लिप लागली, ती योग्य जागी असल्याचं चित्र काढून झालं. हात धुताना त्यांनी मला विचारलं, "बुधवार को आप बताएँगी, या मैं?"

मी म्हटलं, मी सांगेन.

त्याआधी नसीम आपांना सांगायचं होतं. माथुर मॅडमचा नियम आहे की चूक झाली तर ती रुग्णाला त्याच दिवशी कळली पाहिजे. मॅडम स्वतः आल्या, पण बोलायला मला लावलं. मी सगळं सांगितलं. केमोची तारीख मी अलीकडे ओढली, न झालेलं काम मी झालं म्हणून लिहिलं. नसीम आपांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. मला वाटलं, आता या फाईल मागतील आणि दुसरीकडे जातील. त्यांचा हक्कच होता.

"बेटा," त्या म्हणाल्या, "मेरे यहाँ कोई लड़की लिखी हुई नाप पर कैंची चला दे, तो उसे महीना भर सिर्फ़ तुरपाई देती हूँ. मैं ख़ुद भी हर बार नाप दोबारा लेती हूँ, चाहे बीस साल की गाहक हो."

मी खाली मान घालून विचारलं, "और महीने के बाद?"

"उसके बाद कैंची वापस. कैंची न दूँ तो सीखेगी कैसे?"

घरी बाबांना सांगितलं. ते हात धूत होते. म्हणाले, "म्हणजे बिल्ल्याआधी माल भट्टीत घातलास." मी हो म्हटलं. जेवताना माझ्या ताटात भाकरी त्यांनी स्वतः वाढली. एरवी ते काम आई करते.

बुधवारच्या टेबलावर एक रिवाज आहे. नव्या फायलींना हात लावण्याआधी त्या आठवड्यात आपल्याकडून काय राहिलं ते ज्याने त्याने सांगायचं. हा रिवाज माथुर मॅडमनी घातला. सुरुवात त्या स्वतःपासून करतात. दोन-अडीच वर्षं मी ते लिहून घेत आले, पण बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी फक्त कागद लावणारी, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी उभी राहिले. बसून बोल, मॅडम म्हणाल्या, इथे कोणी उभं राहत नाही. मी बसून बोलले. काही गाळलं नाही. शेवटी मला वाटलं होतं ते बोलून टाकलं, की हवं तर माझ्या जागी दुसरं कुणी घ्या.

मॅडमनी त्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी टेबलावर नजर फिरवली.

केमोचे डॉक्टर म्हणाले की क्लिपचा रिपोर्ट स्वतः न बघता मी दुसरी केमो दिली, फक्त तक्ता वाचला. रिझवी सर म्हणाले की सोमवारी रुग्ण आला नाही आणि माझ्या खोलीतून का आला नाही असा एक फोन गेला नाही. पुष्पलता सिस्टर एरवी तिथे बोलत नाहीत. त्या मागच्या रांगेत बसतात, निम्मा वेळ त्यांचं लक्ष वॉर्डात असतं. त्या म्हणाल्या की लग्नाला जाताना मी माझी खुर्ची दुसरीला दिली, सवय दिली नाही.

मी हे सगळं लिहून घेत होते. माझी चूक यामुळे लहान झाली नाही. ती माझीच होती, अजून आहे. पण ती एकटीने उचलायची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. बाईचा आजार जसा एकट्या डॉक्टरचा नसतो, तशी इथली चूकही एकट्याची राहत नाही. आणि म्हणूनच ती लपत नाही. मी कॉलेजात संस्था, व्यवस्थापन वगैरे धडे वाचले आहेत. त्यांत हे असं दिसलं नव्हतं.

रिझवी सरांनी शेवटी नोंद सांगितली ती मी जशीच्या तशी लिहिली: नाप नसीम साहिबा की, सुई मेरी. मग मॅडम म्हणाल्या की आता पुढची फाईल.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. क्लिपचा रकाना आता रिझवी सरच भरतात, क्लिप लावून झाल्यावर, स्वतःच्या हाताने. आणि केमोच्या वॉर्डात सगळ्याच सिस्टर फाईल आधी मिटवतात. मला महिनाभर एक जादा काम मिळालं. प्रत्येक बाईला समोर बसवून, तक्त्यातली एकेक ओळ तिच्याकडून तोंडी ऐकायची. माझी तुरपाई होती ती.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. तोवर गाठ पूर्ण वितळली होती. कुठल्याच चित्रात काही दिसत नव्हतं, फक्त क्लिप. त्या सकाळी रिझवी सरांनी क्लिपच्या रोखाने एक बारीक तार बसवली. माथुर मॅडम तारेच्या टोकापर्यंत गेल्या आणि लिंबाएवढा भाग काढला. तो भाग डब्यातून लगेच एक्सरेच्या खोलीत येतो आणि क्लिप त्यात आली का ते बघून ऑपरेशन थिएटरला फोन जातो. तोवर बाई टेबलावर भुलीत असते आणि सर्जन हात आवरून थांबलेले असतात. मला तिथे असण्याचं काही कारण नव्हतं. सरांनी मला बोलावून घेतलं होतं. पडद्यावर चित्र आलं. धुरकट करडा गोळा आणि मधोमध एक पांढरा तीळ.

सरांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "मॅडम, क्लिप आहे." घाईत मराठीतच बोलले. पलीकडून मॅडम म्हणाल्या की समजलं.

पंधरा दिवसांनी पॅथॉलॉजिस्टनी टेबलावर सांगितलं की काढलेल्या भागात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही आणि काखेतल्या तिन्ही गाठी स्वच्छ आहेत. त्या बाई फार मोजकं बोलतात. पण त्या दिवशी त्यांनी काच रिझवी सरांकडे सरकवली आणि म्हणाल्या की तुम्हीही बघा, छान दिसतंय. पुढे रेडिएशनही पार पडलं. फिजिओथेरपिस्ट नसीम आपांकडून भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम रोज करून घेत होत्या. त्यांनी भिंतीवर खुणा केल्या होत्या आणि नसीम आपा त्या खडूने दोन बोटं वर सरकवून ठेवायच्या. म्हणायच्या, "कल की नाप आज ही लगा दी."

आजार परत येणारच नाही असं कुणी त्यांना सांगितलेलं नाही. तपासण्या चालू राहतील. त्यांना ते माहीत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या कॉलेजचा पदवीदान समारंभ ठरला. आईने साडी घेतली आणि मी ब्लाउजचं कापड घेऊन अमीनाबादला गेले. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा बाहेरच सोडावी लागली. नसीम आपांचे केस बोटभर वाढले होते. तिन्ही मुली मशिनींवर होत्या. उन्हाळ्यात रेडिएशनला येत असतानाच त्यांनी गंमत म्हणून माझी मापं घेऊन वहीत लिहून ठेवली होती. मी म्हटलं, "आपा, मेरी नाप तो आपके पास है." त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. गळ्यातली टेप काढली आणि मला खिडकीच्या उजेडात उभं केलं.

मी हात पसरून उभी राहिले. त्यांचा उजवा हात माझ्या कमरेपासून वर आला, मुंढ्याला वळसा घालून खांद्यावर गेला, तिथून मानेमागे. कुठेही अडखळला नाही. टेपचं टोक धरलेली बोटं कापत नव्हती. मी ते बघत होते हे त्यांच्या लक्षात आलं असावं, तरी त्या आकडे मोठ्याने सांगत गेल्या, एक मुलगी लिहीत गेली.

मग त्यांनी कापड पाटावर पसरलं, खडूने रेघा ओढल्या आणि कात्री उलटी धरून मूठ माझ्याकडे केली.

"चलो. महीना कब का पूरा हुआ."

मुली मशीन थांबवून बघायला लागल्या. मी पाटाशी बसले. आधी टेप मागून घेतली, खडूची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा मोजली आणि मग कात्री हातात घेतली.